‘काल्पनिकच आहे ना?’ : एका वादाची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी वाचकांच्या मासिक बैठकीत सध्या एका नव्या अद्भुतरम्य कादंबरीवरून जुंपली आहे. नायिका तीनशे पानं ज्या गुरूवर संशय घेते, त्याच्याच हाती एका रात्रीत राजमुद्रा देऊन मोकळी होते. मेलेल्याला उठवणारी अंगठी पाचव्या प्रकरणात एकदा कामी येते. पुढे नायिकेचा सख्खा भाऊ तिच्या मांडीवर प्राण सोडतो, अंगठी तिच्या बोटातच असते आणि त्या अंगठीची आठवण कुणालाच होत नाही. वाचनालयातल्या प्रतीत त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘अंगठीचं काय?’ बैठकीत मात्र अशा प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं : अहो, काल्पनिकच आहे ना, मग तर्क कशाला लावता?

हे उत्तर चांगलं दीडशे वर्षं जुनं आहे. १८६८ च्या ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य मराठी कादंबरीच्या प्रस्तावनेत तिच्या लेखकाने, नारो सदाशिव रिसबूड यांनी, आपली अडचण मोकळेपणाने मांडली होती. आपल्या लोकांच्या आयुष्यात ना मनोवेधक दुर्गुण ना सद्गुण, रोजचं लिहावं तर रंजन होत नाही, म्हणून अद्भुताकडे वळणं भाग पडतं, असा त्याचा आशय. म्हणजे अद्भुताची सुरुवातच ‘नाइलाज’ म्हणून झाली. पुढे सामाजिक कादंबरी आली, मान तिला मिळाला आणि अद्भुत मुलांच्या कपाटात गेलं. त्यातलं चांगलं कोणतं, फसलेलं कोणतं, हे मापायला फारसं कुणी बसलंच नाही, असं मला वाटतं.

खरं तर ‘कादंबरी’ हे नावच एका गंधर्वकन्येचं. गुजरातीत ‘नवलकथा’ म्हणतात, आपण मात्र सातव्या शतकातल्या संस्कृत लेखक बाणभट्टाच्या नायिकेचं नाव सगळ्या वाङ्मयप्रकाराला देऊन बसलो. त्या कथेत पोपट बोलतो, माणसं जन्म बदलतात, पण प्रत्येक जन्मामागे कुणाचा तरी शाप आहे आणि शापामागे कारण. पुंडरीक हा ऋषिकुमार महाश्वेता या गंधर्वकन्येच्या ओढीने मरतो, वैशंपायन म्हणून जन्मतो, तिला ओळखत नाही तरी तिच्याकडेच ओढला जातो आणि तिच्याच शापाने पोपट होतो. देह बदलला, स्वभाव तोच. ज्याला आपण पात्रचित्रण म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

सगळा घोळ ‘असंभाव्य’ या एका शब्दाचा आहे. त्याचा अर्थ ‘घडेल असं न पटणारं’, पण आपण तो ‘अशक्य’ या अर्थाने सर्रास वापरतो आणि वादाचे दोन्ही पक्ष तिथेच घसरतात. अंगठीने मेलेला उठणं अशक्य आहे, पण गोष्टीत ते संभाव्य होऊ शकतं. बहिणीला हातातली अंगठी न आठवणं अगदी शक्य आहे, माणूस दुःखात काहीही विसरतो. पण तीनशे पानं जी बाई एकही बारकावा निसटू देत नाही, तिच्या बाबतीत ते असंभाव्य ठरतं. हा भेद बाहेरून आणलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रावर अभिनवगुप्ताने लिहिलेल्या ‘अभिनवभारती’ या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत, त्यांतलं पहिलं ‘संभावनाविरह’. जे घडू शकेल असं प्रेक्षकाला वाटतच नाही, त्यात त्याचं मन शिरणार कसं? लोकोत्तर कृत्यांवर तिथे उपायही आहे. नायक रामासारखा प्रख्यात घ्यावा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला विश्वास आपोआप मदतीला येतो. या टीकेसह नाट्यशास्त्राचा पहिला खंड छापला गेला तो १९२६ मध्ये, आपल्याच बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत! आजच्या कादंबरीकाराच्या नव्या राज्याला, नव्या राणीला असा आयता विश्वास मिळत नाही. तो त्याला पहिल्या शंभर पानांत स्वतः कमवावा लागतो, आणि कमावलेला विश्वास त्यानेच पुढे मोडला तर वाचक रागावणारच.

इथल्या वाचकाला वाचायची सवय लागली ती संस्थानी काळात. १९१० पासून वाचनालयं उभी राहिली, पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी गेली. पण रोख बदलला तो गेल्या पंचवीस वर्षांत. जाडजूड इंग्रजी कल्पितकथा मराठीत आल्या आणि शाळकरी मुलं जादूचे नियम, नकाशे, वंशावळी तोंडपाठ म्हणू लागली. आता तीच मुलं तिशीत आहेत. बैठकीत ‘प्लॉट होल’, म्हणजे कथानकातलं भगदाड, हा शब्द त्यांनीच आणला. ज्येष्ठांना तो उद्धट वाटतो, कारण दोष दाखवणं म्हणजे रस न घेणं असा समज अजून आहे. मला उलट दिसतं. समासात पेन्सिल चालवणाऱ्याने अंगठी चारशे पानं लक्षात ठेवली होती, लेखकाने ठेवली नाही.

आणि दुरुस्ती तरी केवढी होती? पाचव्या प्रकरणात एक वाक्य, की ही अंगठी एकदाच चालते. मग भाऊ जाताना तिचा हात बोटाकडे गेला असता आणि तिथेच थांबला असता.