कोणते तेवीस किल्ले द्यायचे? – वर्गातल्या नाटकाबद्दल शाळांना आणि पालकांना थोडी माहिती

शाळांचा पहिला फोन आम्हाला बहुतेक वेळा नोव्हेंबरात येतो. ‘गॅदरिंग तोंडावर आलंय, वीस मिनिटांचं काहीतरी बसवून द्या, साठ मुलं मावली पाहिजेत.’ ते काम चोख करणारी माणसं गावोगाव आहेत. आम्ही ते करत नाही. आमचं नाटक वर्गात, तासाला, धड्यावर होतं आणि ते बघायला कोणी बसलेलं नसतं. हे फोनवर सांगताना दर वेळी गोंधळ उडतो, म्हणून हा कागद छापला.

एक तास जवळून

पुरंदरचा तह घ्या. जून १६६५. मोगली फौजेचा पुरंदराला वेढा, मुरारबाजी पडलेला. तहात महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होन उत्पन्नाचा मुलूख दिला. १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राखला. हे वाचून दाखवायला दोन मिनिटं पुरतात. मुलं ‘तेवीस’ला अधोरेखित करतात आणि चाचणीत बावीस लिहितात.

आम्ही बाकं भिंतीला लावतो. फरशीवर खडूनं सह्याद्रीची धार काढतो, आणि पस्तीस किल्ल्यांच्या पस्तीस चिठ्ठ्या जागच्या जागी ठेवतो. दाराशी एक परात. मुलं म्हणजे महाराजांच्या पदरचे कारभारी. त्यांना एकच काम आहे: पहाटेपर्यंत परातीत तेवीस चिठ्ठ्या पडल्या पाहिजेत.

वर्गशिक्षिका खांद्यावर पंचा टाकून हरकारा, म्हणजे निरोप्या, होतात. हा हरकारा निरक्षर आहे. ‘मला वाचता येत नाही, दादांनो. कुठला गड का दिला ते तोंडी सांगा, तिकडं विचारतील मला.’ या एका वाक्यावर पुढची चाळीस मिनिटं चालतात. बाईंना उत्तर सांगायचं आणि अडाण्याला समजावून सांगायचं यात मुलांच्या लेखी फार फरक असतो. बाईंना तर आधीच माहीत असतं!

पहिल्या आठ-दहा चिठ्ठ्या पटापट पडतात, कारण ती नावं कोणी ऐकलेलीच नसतात. मग गाडी अडते. कोंढाण्याला कोणी हात लावू देत नाही. एका वर्गात त्यावरून चांगलीच जुंपली. ‘तानाजीचा गड आहे तो, द्यायचा नाही!’ मागून एक मुलगी म्हणाली, ‘अरे, आत्ता दिला म्हणून तर तानाजीला नंतर जावं लागलं ना.’ वर्ग गप्प. आधी १६६५, मग १६७०, हे तिनं सनावळ न घोकता लावलं होतं. त्याच तासात एकानं हरकाऱ्याला विचारलं, ‘गड दिला की गडावरच्या माणसांनी कुठं जायचं?’ याचं उत्तर आम्ही तयार ठेवलेलं नव्हतं. बाईंनीही दिलं नाही. त्या म्हणाल्या, ‘माझी बहीण राहते तिथं. तुम्हीच सांगा.’

शेवटची दहा मिनिटं खरी यादी काढतो. राजगड, तोरणा, रायगड राखले. पुरंदर, कोंढाणा, लोहगड, रोहिडा गेले. आपली परात आणि ती यादी शेजारी ठेवून मुलं जे बोलतात, तोच आमच्या मते इतिहासाचा तास.

महाराजांची भूमिका आम्ही कोणालाच देत नाही. ते पलीकडच्या दालनात आहेत असं धरतो. एकाला महाराज केलं की उरलेले चव्वेचाळीस भाला धरून उभे राहतात, आणि ते परत गॅदरिंगच झालं.

हे कुठून आलं

शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरायचं, ही पद्धत डोरोथी हीथकोट या इंग्रज बाईंनी नावारूपाला आणली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या लोकरीच्या गिरणीत लागल्या होत्या. पुढे न्यूकॅसल विद्यापीठात त्यांनी शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. नाटकमंडळींनी तालमीची शिस्त घेऊन शाळेत जायचं, ही रीत १९६५ साली कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं यासाठी १९८९ मध्ये वेगळी तुकडी काढली. बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्याची चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी ऐंशीच्या दशकात पुण्यात आणली आणि परी-राक्षसांच्या जागी मुलांची स्वतःची भांडणं रंगमंचावर आली.

पण ‘हे परदेशी खूळ आहे’ असं कोणी म्हणालं, की आम्ही जोतीराव फुल्यांकडे बोट दाखवतो. शिकणं का हवं हे पटवायला त्यांनी १८५५ साली नाटकच लिहिलं, ‘तृतीय रत्न’. त्यातलं नाडलेलं शेतकरी जोडपं अखेर रात्रीच्या शाळेची वाट धरतं.

पालक विचारतात ते

‘मार्क वाढतील का?’ तशी हमी आम्ही देत नाही. देणारे भेटले तर त्यांची जरा उलटतपासणी घ्या.

‘आमचा मुलगा लाजाळू आहे.’ चालेल. चिठ्ठी हलवायला आवाज लागत नाही. कोणालाही एकट्याला पुढं बोलावत नाही. बघे नसल्यामुळे लाजायला कारणही कमी उरतं.

‘व्हिडिओ मिळेल का?’ नाही. मोबाइल वर आला की मुलं हरकाऱ्याकडे बघायची थांबतात आणि कॅमेऱ्याकडे बघायला लागतात.

आमची एक चूक

आठवी-नववीसाठी आम्ही ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्टो बोआल यांची रीत वापरतो. अन्यायाचा एक प्रसंग दाखवायचा, तो पुन्हा करायचा आणि बघणाऱ्यानं ‘थांबा’ म्हणून मध्ये शिरून पीडिताच्या जागी वेगळं काही करून बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत ‘वर्गातली दादागिरी’ हा विषय घेतला आणि सोसणाऱ्याची भूमिका आम्ही नेमकी त्या मुलाला दिली, ज्याला वर्गात खरोखरच रोज छळत होते. आम्हाला कल्पना नव्हती. बाकीच्यांना होती, म्हणूनच ते हसत होते. तास तिथंच थांबवला. तेव्हापासून सोसणाऱ्याची भूमिका आमच्यातलंच कोणीतरी करतं, आणि वर्गशिक्षकांशी आधी अर्धा तास बोलल्याशिवाय असा विषय घेत नाही.

तुमच्याकडून काय लागेल

दोन तासिका जोडून द्या; पस्तीस मिनिटांत बाकं सरकवण्यापलीकडे काही होत नाही. एका वेळी एकच तुकडी. दोन वर्ग एकत्र करून पैसे वाचवू नका, वाचत नाहीत. वर्गशिक्षक पूर्ण वेळ हजर हवेत आणि शक्य तर भूमिकेतही हवेत, कारण आम्ही तीन दिवसांनी जाणार आणि वर्ग त्यांचाच राहणार. नवीन शैक्षणिक धोरणात कलेची सांगड इतर विषयांशी घालायला सांगितलंच आहे, तेव्हा वेळापत्रकाची अडचण बहुधा पटवून देण्यापुरतीच असते. एका खोलीत चार इयत्ता बसवणाऱ्या द्विशिक्षकी शाळांना आम्ही आवर्जून जातो. तिथं मोठी मुलं धाकट्यांना भूमिकेत सांभाळून घेतात.

पोशाख, मुकुट, ध्वनिक्षेपक नको. जुन्या ओढण्या दोन-चार असल्या तर काढून ठेवा.

फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा: इयत्ता आणि पट, कोणता धडा मुलांच्या गळी उतरत नाही, आणि वर्गातली जमीन कसली आहे. शहाबादी फरशीवर खडू चालतो, चकचकीत टाइल्सवर चिकटपट्टी आणावी लागते, आणि सारवलेली असेल तर आम्ही रांगोळी घेऊन येतो.