पार्श्वभूमी : ‘तो’ नको, ‘ती’ नको, मग काय?

ऐरोली, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांतून येणाऱ्या मेलखाली हल्ली नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर यांच्या जोडीला आणखी एक बारीक ओळ दिसते : आपल्याला इंग्रजीत कुठल्या सर्वनामाने संबोधावं, हे सांगणारी. कुणाच्या नावाशेजारी ‘शी/हर’ (म्हणजे ‘ती’) असतं, कुणाच्या ‘ही/हिम’ (म्हणजे ‘तो’), आणि एखाद्याच्या (की एखादीच्या? इथूनच अडायला लागतं) ‘दे/देम’, म्हणजे ना ‘तो’ ना ‘ती’. मीटिंग इंग्रजीत चालू असते तोवर सगळं निभावतं. पंचाईत होते ती खाली टपरीवर. ‘अरे, तो... ती... आपले ते टेस्टिंगवाले, त्यांनाही कटिंग सांग’, असं वाक्य धडपडत पूर्ण होतं, दोघे-तिघे हसतात आणि कुणीतरी म्हणतंच, ‘हे सगळं अमेरिकेचं फॅड.’

मेलखालची ओळ अमेरिकेतून आली, हे खरं आहे. तिथल्या विद्यापीठांतून ती कंपन्यांत गेली. २०१४ साली फेसबुकने ‘स्त्री’ आणि ‘पुरुष’ यांच्यापलीकडचे पर्याय दिले, सोबत ‘दे’ हे सर्वनामही दिलं. २०२१ मध्ये लिंक्डइन आणि इन्स्टाग्रामवर सर्वनामासाठी वेगळा रकाना आला. पण आपल्याला काय म्हटलं जावं हे कुणी ठरवायचं, हा वाद आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि मराठी माणूस त्यात चांगलाच मुरलेला आहे.

‘अरे-तुरे करू नका’ हे वाक्य घ्या. रिक्षास्टँडवर किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत निम्मी भांडणं मूळ मुद्द्यावरून या वाक्यावर सरकतात. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतलं कुठलं कुणाला वापरायचं, याला आपण मान-अपमान म्हणतो. ते सर्वनामांचं राजकारण आहे असं काही आपल्या मनात येत नाही. गावगाड्यात सवर्णांच्या घरातलं शेंबडं पोरही दलित वस्तीतल्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणायचं आणि म्हातारा त्याला ‘जी’ म्हणायचा. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी उलट बाजूने हट्ट धरला. न्यायाधीश असो की जमीनदार, सगळ्यांना ते एकेरीत संबोधायचे, कारण देवापुढे सगळे सारखे. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. म्हणजे एका सर्वनामासाठी मार खाणारी माणसं इंग्रजीतही जुनीच.

आपल्याकडे लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या रिवाजातून तर सर्वनामांची एक वेगळीच शाळा निघाली. ‘अहो’, ‘आमचे हे’ अजून टिकून आहेत. त्याआधीच्या पिढ्यांत ‘इकडून येणं झालं का?’, ‘तिकडचं जेवण व्हायचंय’ अशी वाक्यं होती. या वाक्यांत नवऱ्याला कर्ता होऊच दिलेलं नाही. जागा ‘इकडे’ने घेतली आणि क्रियापद नपुंसकलिंगी झालं. रमाबाई रानड्यांच्या १९१० साली छापलेल्या आठवणींत न्यायमूर्तींसाठी ‘स्वतः’ हा शब्द येतो. एवढा चमत्कारिक वापर त्या काळच्या वाचकाला खटकला नाही, कारण त्यामागचं नातं त्याला ठाऊक होतं.

इंग्रजीचं दुखणं वेगळं. कुणीतरी छत्री विसरून गेलं, बाई की बाप्या ठाऊक नाही, तर त्या व्यक्तीसाठी एकवचनी सर्वनाम कुठलं? बोलणारी माणसं चौदाव्या शतकापासून अशा ठिकाणी ‘दे’ हे एरवी अनेकवचनी सर्वनाम वापरत आली आहेत. अठराव्या शतकात व्याकरणकारांना ते अनेकवचन डाचू लागलं आणि ‘ही’ म्हणजे पुल्लिंगी रूप सगळ्यांसाठी चालवा, असा दंडक रुजत गेला. १८५० साली ब्रिटिश संसदेने कायदाच केला की, कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धरल्या जातील. दहा वर्षांनी भारतीय दंड संहिता आली. तिच्या आठव्या कलमात हेच आहे : ‘ही’ हे सर्वनाम पुरुष असो वा स्त्री, कुणालाही लागू. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही तशीच तरतूद आहे.

कागदावर ठीक होतं. १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला, तेव्हा कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द होता आणि पुल्लिंगात स्त्रीलिंग येतं ही तरतूदही होती. तरी कलकत्ता हायकोर्टाने अर्ज फेटाळला. इथे व्यक्ती म्हणजे पुरुषच, असा अर्थ लावला. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला तेच आलं. शेवटी १९२३ मध्ये स्त्रियांच्या वकिलीसाठी वेगळा कायदा करावा लागला. ‘पुल्लिंगात सगळे येतात’ हे ऐकून बायका का वैतागतात, ते समजायला एवढा एक खटला पुरे. दंड भरायची वेळ आली की ‘ही’मध्ये बाई धरली जायची, हक्क मागायला गेली की बाहेर.

नवी सर्वनामं घडवायचे प्रयत्नही जुनेच आहेत. चार्ल्स कन्व्हर्स नावाच्या अमेरिकन वकिलाने एकोणिसाव्या शतकात ‘दॅट’ आणि ‘वन’ जोडून ‘थॉन’ बनवलं. हे गृहस्थ भजनांना चालीही लावायचे. १९३४ च्या वेबस्टरच्या मोठ्या शब्दकोशात ‘थॉन’ला जागा मिळाली, १९६१ च्या आवृत्तीतून तो गेला, कारण वापरायला कुणी पुढे आलं नाही. स्वीडनमध्ये मात्र १९६६ साली सुचवलेला ‘हेन’ हा शब्द हळूहळू रुळला आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत गेला. त्याच वर्षी अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने एकवचनी ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. नव्वदच्या दशकापासून ‘झी’, ‘हिर’ वगैरे रूपंही काही जण वापरतात. माझ्या मते त्यांतली बहुतेक ‘थॉन’च्याच वाटेने जातील. सर्वनाम ही रोज हजारदा तोंडात येणारी वस्तू आहे, ती पाठ करून वापरता येत नाही. पण ती मागणाऱ्या माणसाला वेड्यात काढायचं त्यामुळे काही कारण नाही.

मग लोक ती मागतात तरी का? इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली मागणी नव्या सर्वनामाची नसतेच. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये टाळी वाजवत डब्यात चढणारी तृतीयपंथी व्यक्ती स्वतःविषयी ‘मी आले’, ‘मी जाते’ असंच बोलते. तिला नेहमीचं, साधं ‘ती’ हवं असतं. ‘तो’ म्हणतात ते प्रवासी. तेही पैसे देऊन झाल्यावर, पाठमोरं पाहून. लक्ष्मीनारायण त्रिपाठी हे नाव साऱ्या देशाला माहीत झालं, त्या ठाण्याच्याच. सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या खटल्यात त्या सहभागी होत्या, त्याचा निकाल १५ एप्रिल २०१४ रोजी लागला आणि आपलं लिंग पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला, असं न्यायालयाने मान्य केलं. निकालात सर्वनामाचा नियम घालून दिलेला नाही, पण ओळख स्वतःची असेल तर उल्लेख दुसऱ्याने आपल्या मर्जीने का करावा, हा प्रश्न तिथून सरळ निघतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी झालेल्या २०१९ च्या मूळ कायद्याने व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्री आणि जेंडरक्विअर (बाई-पुरुष या दोन कप्प्यांत न बसणारे) यांच्यासोबत किन्नर, हिजडा, अरवाणी आणि जोगता यांचीही नावं घातली. यल्लम्माचा जोगता दिल्लीच्या कायद्यात जाऊन बसला, ही गोष्ट मराठीत फारशी बोलली गेली नाही.

दुसरी मागणी अशा लोकांची, ज्यांना ‘तो’ही लागू पडत नाही आणि ‘ती’ही. कुणाला लहानपणापासून दोन्ही शब्द परके वाटतात. कुणाला बोलण्यात आपण बाई की पुरुष हे दर वाक्याला जाहीर व्हायला नको असतं. कुणी आपल्या शोधाच्या मधल्या टप्प्यावर असतं आणि तोवर दार उघडं ठेवायचं असतं. काहींसाठी ती राजकीय भूमिका असते. दोनच कप्पे का, असं त्यांचं म्हणणं. आणि काही जण, विशेषतः कॉलेजच्या वयात, खेळूनही बघतात, हेही मान्य करायला हरकत नाही. त्या वयात आपण सह्या बदलून पाहिल्या, नावापुढचं बापाचं नाव गाळून आईचं लावून पाहिलं. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात ट्रान्स तरुणांनी स्वतः निवडलेलं नाव घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत जितक्या ठिकाणी वापरलं जात होतं, तितकं नैराश्याचं प्रमाण कमी दिसलं. अभ्यास नावाचा होता, सर्वनामाचा नव्हे, पण हाक मारली जाण्याचा परिणाम कुठवर जातो याचा अंदाज त्यावरून येतो.

आपल्याकडचा कायदा अलीकडे या बाबतीत मजेशीर जागी येऊन उभा आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात जुनी व्याख्या तशीच ठेवून एक शब्द वाढवला : ‘ही’ हे सर्वनाम पुरुष, स्त्री किंवा ट्रान्सजेंडर, कुणालाही लागू. त्याआधी वर्षभर, २०२३ मध्ये, डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात नागरिकासाठी सगळीकडे ‘शी’ वापरलंय आणि व्याख्येत म्हटलंय की यात कुठल्याही लिंगाची व्यक्ती येते. म्हणजे गुन्ह्याच्या कायद्यात आपण सगळे ‘ही’ आणि आपला डेटा चोरीला गेला तर आपण सगळे ‘शी’. ऐरोलीतल्या ज्या टीम या दुसऱ्या कायद्याची पूर्तता करतात, तिथल्या पुरुषांची ‘शी’ने काही तक्रार असल्याचं ऐकलं नाही.

आता मराठी. इंग्रजीत लिंग फक्त ‘ही’ आणि ‘शी’मध्ये आहे, म्हणजे जवळपास नेहमी आपल्या पाठीमागे बोललं जातं तिथे. मराठीत ते क्रियापदात आहे. ‘मी’ला लिंग नाही, पण ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटल्याशिवाय आल्याचं सांगता येत नाही. ज्या व्यक्तीला दोन्ही नको, तिला स्वतःबद्दल बोलतानाच अडखळायला होतं. मेलखालची इंग्रजी ओळ या अडचणीला शिवतही नाही.

यातून वाटा काढल्या जातात, आणि त्या व्याकरणातच आहेत. ‘मी येईन’, ‘मी येणार’, ‘मला निघायचंय’ यांत लिंग नाही. ‘मी जेवलो’ किंवा ‘जेवले’ऐवजी ‘मी जेवण केलं’. ‘मी मेल पाठवला’ बाईही म्हणते, पुरुषही. ‘माझं येणं जमणार नाही’ हे तर रमाबाईंच्या पिढीतल्या ‘येणं झालं का’चंच भावंड. काही जण मुद्दाम एका वाक्यात ‘गेलो’ आणि पुढच्यात ‘आले’ म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं जीभ घसरली. खरं तर कोल्हापूरकडच्या मुली बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यावरून कुणी त्यांना पुरुष समजत नाही.

तिसऱ्या पुरुषात ‘त्यांना’, ‘त्यांचं’, ‘त्यांनी’ ही रूपं सगळ्यांना सारखीच आहेत, म्हणून बरंचसं भागतं. अडतं ते ‘ते आले’पाशी, कारण ते कानाला पुरुषच वाटतं. शिवाय चोवीस वर्षांच्या ज्युनिअरला अहो-जाहो केलं की ‘साहेब झालात का’ म्हणून टिंगल होते ती वेगळी. नपुंसकलिंग हातात आहे, पण ‘ते आलं’ म्हटलं की वस्तू किंवा तान्हं मूल डोळ्यांपुढे येतं आणि त्या लिंगाचं नाव शिवीसारखं वापरून आपणच खराब करून ठेवलंय. तरी हेच नपुंसकलिंग आपण माणसांना रोज लावतो. दोन पुरुष ‘दोघे’, दोन बायका ‘दोघी’, आणि नवराबायको मिळून ‘दोघं’. ‘घरची माणसं आली’ यातही तेच. स्त्री-पुरुष एकत्र आले की मराठी आपोआप तिसऱ्या लिंगात जाते आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

सर्वनामापेक्षा अवघड आहेत ती नाती. नवी मुंबईच्या एनएमएमटीच्या बसमध्ये कंडक्टर ‘ताई, पुढे सरका’ किंवा ‘दादा, सुट्टे द्या’ म्हणतो. तिसरा शब्द त्याच्याकडे नाही. वारीत बाप्या असो की बाई, सगळे ‘माउली’ असतात, पण तो शब्द वाशीच्या डेपोत चालत नाही. अनोळखी माणसाला ‘अहो’ म्हणून हाक मारणं हाच काय तो खात्रीचा मार्ग उरतो. तरुणांनी आपल्यापुरती दुसरी वाट काढली आहे. ठाण्याच्या कॉलेजांतल्या मुली एकमेकींना सर्रास ‘अरे’ म्हणतात, ‘अगं’ त्यांना आजीच्या पिढीचं वाटतं. ज्यांच्या नावाखाली ‘दे/देम’ असतं, त्यांनाही या ‘अरे’चं काही वाटत नाही म्हणतात, पण मोठ्या वयाच्या माणसाने तोच शब्द वापरला तर वाटतं.