उरलेल्या कापडाची गोधडी (कोकण)

उरलेल्या कापडाची गोधडी म्हणजे घरात पडून असलेली जुनी लुगडी, साड्यांचे काठ, ब्लाऊजची कातरणं, न शिवलेली ब्लाऊजपीसं, कॉलर फाटलेल्या शर्टांच्या पाठी, असं जे हाताला लागेल त्यातून शिवलेलं पांघरूण नाहीतर अंथरूण. कोकणात तिला गोधडी म्हणतात तसं वाकळही म्हणतात, फारच विरली की पटकूर, आणि तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं. नवीन कापड आणून, कागदावर आखून जी शिवतात तिला हल्ली क्विल्ट म्हणायची पद्धत आहे, शिवण तीच असते, पण इथे आधी चिरगुटांचं बोचकं सोडायचं, कुठलं किती आहे ते बघायचं आणि मग नमुना ठरवायचा, आणि तोही शिवता शिवता दोनचारदा बदलतो. ही नोंद जास्त करून त्या बदलण्याबद्दलच आहे, कारण धावदोरा कसा घालावा हे सगळेच सांगतात पण काठ दीड फूट कमी पडला तर काय करायचं हे कोण सांगत नाही.

कापड कुठून येतं

जुन्या गोधडीचं मूळ नऊवारीत. ९ वार म्हणजे २७ फूट, त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटी चार थर होतात, कात्री लावायचीच नाही, कडेने टाचायचं आणि आत धावदोरे घालत सुटायचं, हीच चौघडी. गोल साडी साधारण १८ फूट भरते, तिच्या तीन घड्या केल्या की बरोबर ६ फूट, म्हणून हल्लीच्या गोधडीत एक साडी खाली, एक वर आणि पोटात मिळेल ते, असा हिशेब असतो.

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली माणसं भरपूर, त्यामुळे गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कटपीसही यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरण्याच एकेक करून बंद होत गेल्या आणि ती वाट आटली. आता घराघरांत साठलेलं कापड म्हणजे ब्लाऊजपीस. ओटीत येतं, हळदीकुंकवाला येतं, लग्नात मानपानाचं येतं, आणि रंग नाही आवडला म्हणून पुढच्या ओटीत दुसऱ्या घरी जातं, काही पीसं तर मला वाटतं अख्खा तालुका फिरून परत येतात. ८० सेंटीमीटरचं पीस म्हणजे ३१ इंच, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच धरला तर त्यात ५ इंची चौकोन ४२ निघतात. टू बाय टू रुबिया (ब्लाऊजचं नेहमीचं साधं कापड) असेल तर गोधडीला सोनं. सॅटिन किंवा शिफॉन असेल तर ते सरळ पुढच्या ओटीत सरकवावं, कारण सुईखाली घसरतं, कडा सुटतात आणि कोकणच्या दमट हवेत अंगाला चिकटतं.

मापाचा हिशेब

नमुना बदलायचा तर आधी माया कळली पाहिजे, म्हणजे शिवणीत जाणारी कड. दोन्हीकडे पाव पाव इंच माया सोडली की ५ इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचच उरतो. एका माणसाची गोधडी ६ फूट बाय ४ फूट धरली तर असे १६ गुणिले ११ म्हणजे १७६ चौकोन लागतात, सव्वाचार पीसांत काम होतं, पाच घ्यावीत. तुकडे लहान आहेत म्हणून ४ इंची कापले तर हाच आकडा २९४ वर जातो, शिवणीही त्याच मानाने वाढतात. आणि खरा चोर तर माया आहे. ५ इंची चौकोनात साधारण १९ टक्के कापड शिवणीत जातं, २ इंची चौकोनात ४४ टक्के, म्हणजे कापड वाचवायला बारीक तुकडे जोडायला बसावं आणि निम्मं कापड उलट्या बाजूलाच जावं असं होतं. म्हणून बारीक तुकड्यांचे चौकोन करू नयेत, त्यांच्या पट्ट्या कराव्यात नाहीतर ते वरून लावावेत (खाली कवंदी बघा).

पट्ट्यांसाठी लॉग केबिन हा नमुना बरा पडतो, अमेरिकेतला आहे पण आपल्या कातरणांसाठीच केल्यासारखा. मधे अडीच इंची चौकोन, त्याच्याभोवती दीड इंची पट्ट्या गोल गोल लावत जायच्या, तीन फेरे झाले की शिवून ८ इंचाचा चौकोन तयार, असे ५४ केले की ६ बाय ४ ची गोधडी. एका चौकोनाला एकूण साडेपाच फूट पट्टी लागते पण ती एकाच कापडाची लागत नाही, सगळ्यात आखूड तुकडा अडीच इंचांचा आणि सगळ्यात लांब साडेआठ इंचांचा, त्यामुळे बाही कापताना उरलेलंसुद्धा चालतं. पट्ट्या उभ्या किंवा आडव्या धाग्यावर कापायच्या, उरेब म्हणजे तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते आणि चौकोनाला पोट सुटतं. एवढं करूनही उरेब तुकडाच शिल्लक असेल तर त्याच्याखाली जुन्या पंच्याचा तुकडा घालून त्यावर शिवावं, मग ताणायची बात नाही.

कमी पडलं की

आमच्या मोठ्या काकीची एक गोधडी मी पूर्ण होताना बघितली, तीच सांगते. मार्च संपत आलेला, खळं नुकतंच सारवलेलं, त्यावर चटई आणि चटईवर गोधडीचा वरचा थर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार जांभे दगड. मधला भाग झालेला, भोवती हिरव्या लुगड्याचा काठ लावायचा होता. तीन बाजू झाल्या आणि चौथीला हातभर कमी. मी म्हटलं आता दुसरा हिरवा बघूया. काकी दगडावर बसून सुपारी कातरत होती, म्हणाली, "अगो, दुसरो हिरवो लावलंस तर सगळ्यांका दिसतलां. चारी कोपऱ्यांत तांबडे चौकोन घाल, मग कोण विचारूचा नाय." मग लावलेला काठ चारी कोपऱ्यांतून उसवला, प्रत्येक कोपऱ्यात काठाच्या रुंदीएवढा तांबडा चौकोन घातला, त्यामुळे प्रत्येक बाजूचा काठ दोन्ही टोकांना तेवढा आखूड झाला आणि वाचलेला सगळा चौथ्या बाजूला गेला. तरी चार बोटं कमीच. मग प्रत्येक बाजूच्या बरोबर मधोमध आणखी एक तांबडा चौकोन, आणि जुळलं. आता बघणारे म्हणतात तांबड्या-हिरव्याची काय छान रचना केलीय.

एकदा हे कळलं की बाकीचं त्याच रीतीने सुटतं. मधेच एखादा रंग संपला तर बदली कापड एका जागी भरायचं नाही, आधी शिवलेले दोनतीन चौकोन उसवून ते सगळीकडे पसरायचं. चौकोन लहानमोठे झाले असतील (आणि दोघी बहिणींनी मिळून शिवलेले असले तर होणारच) तर सगळ्यात लहान मापाला सगळे कापत बसू नये, लहानांना भोवती एक पट्टी लावून मोठं करावं आणि मग सगळे सारखे छाटावेत. रंगापेक्षा फिकं-गडद महत्त्वाचं, लॉग केबिनमध्ये अर्धा चौकोन फिका आणि अर्धा गडद एवढं पाळलं तर पिवळ्याच्या जागी आकाशी गेला तरी नमुना मोडत नाही. कुठलं फिकं नि कुठलं गडद ते कळत नसेल तर मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघायचा, लगेच समजतं.

कवंदी

कोकणपट्टीने खाली गोवा ओलांडून गेलं की उत्तर कन्नड जिल्हा लागतो, तिथे यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. कवंदीत तुकडे आधी एकमेकांना जोडतच नाहीत. खाली साडी पसरायची, कडेपासून सुरुवात करायची, तुकडा ठेवायचा, त्याची कड आत मुडपायची, आणि जो धावदोरा सगळे थर पकडतो त्याच दोऱ्याने तुकडाही पकडला जातो, मग पुढचा तुकडा आधीच्यावर थोडा चढवून, असं कडेने फिरत फिरत मधे यायचं. चार कोपऱ्यांवर घडी घालून केलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात, ती नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत.

कातरणांच्या दृष्टीने ही सगळ्यात शहाणी पद्धत आहे असं माझं मत. तुकडा वाकडा असला तरी चालतो, आकडेमोड नाही, मापाची पट्टी नाही, मशीनही नको. एक अडचण आहे, मधे पोचेपर्यंत कापड फुगून येतं, म्हणून सुरू करण्याआधी सगळे थर लांब टाक्यांनी वीतभर अंतरावर टाचून घ्यावेत आणि ते टाके शेवटीच काढावेत.

पाऊस आणि धुणं

घाटावरची गोधडी जाड असते, थंडीसाठी. कोकणात ती चाल नाही, इथे गोधडी पावसाळ्यातल्या गारठ्याला लागते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात जाड गोधडी ओलसर झाली की ऑक्टोबरपर्यंत सुकायची नाही, वास धरते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. म्हणून तीनचार थर पुरे, आत कापूस भरू नये, आणि धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतरावर, म्हणजे आतली चिरगुटं गोळा होत नाहीत. शिवणं, धुणं सगळं आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या आत. वैशाखात व्हाळाला (ओढ्याला) पाणी असेल तर तिथे, नाहीतर विहिरीवर, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची आणि गडग्यावर (दगडी कुंपणावर) टाकायची.

सगळे तुकडे कापायच्या आधीच धुवून घ्यावेत. सुती कापड आटतं, टेरिकॉट आटत नाही, दोन्ही न धुता शेजारी शिवले तर पहिल्या धुण्यात सुरकुत्या पडतात. मी हे केलं होतं, वर तांबडं रुबिया भिजवून न बघता पांढऱ्या पंच्याशेजारी लावलं, सगळी गोधडी जांभळट गुलाबी निघाली. तेव्हापासून तांबडा, मरून आणि गडद निळा तुकडा आधी मिठाच्या पाण्यात ठेवते, नंतर ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबते, रंग उतरला तर तो तुकडा पायपुसण्यात. जरीचे काठ खाऱ्या हवेत काळवंडतात आणि टोचतातही, तोंडाकडच्या बाजूला तर नकोतच.

कडेला गोट लावताना मात्र जुनं कापड वापरू नये. गोधडी विरते ती आधी कडेला, ओढताना तिथेच हात पडतो. बाकी सगळं चिरगुटांचं आणि गोट तेवढा नव्या कापडाचा, दोन इंच रुंद, आत-बाहेर मुडपून हाताने घातलेला. तोही झिजला की फक्त गोट बदलायचा. मधलाच भाग गेला असेल तर ठिगळ लावायचं, आणि ठिगळांवर ठिगळं होऊन दोराच धरेनासा झाला की अख्खी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालायची, तेवढे थर कमी लागतात.