सीपीयू कोटा (लिनक्स)

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, एखाद्या गटाला ठरावीक अवधीत जास्तीत जास्त किती प्रोसेसर-वेळ वापरता येईल, यावर कर्नल (सिस्टीमचा गाभा) घालत असलेली मर्यादा म्हणजे सीपीयू कोटा. प्रोसेसचे गट पाडण्याची सोय सीग्रुप या यंत्रणेत आहे. गूगलमधील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून ती कर्नलमध्ये आहे.

सुरुवातीला गटाला फक्त वजन, म्हणजे इतर गटांच्या तुलनेतला वाटा, देता येत असे. वजनाचा प्रश्न येतो तो प्रोसेसरसाठी ओढाताण असेल तेव्हाच. मशीन मोकळे असेल तर हलक्या गटालाही सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) मिळतात. मोकळ्या मशीनवरही लागू राहणारी कडक मर्यादा २०१२ मध्ये, ३.२ आवृत्तीत आली. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना तीच हवी होती, कारण ग्राहकाने मोजले तेवढेच त्याला द्यायचे असते.

सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सीपीयू.मॅक्स' या फाइलमध्ये कोटा आणि आवर्तन (कोटा ज्या अवधीसाठी असतो तो) असे दोन आकडे मायक्रोसेकंदांत लिहितात. '५०००० १०००००' म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत ५०, थोडक्यात अर्धा कोअर. कोटा आवर्तनापेक्षा मोठाही चालतो. २००००० लिहिले की दोन कोअर. कोटा संपला की गटातल्या प्रोसेस पुढचे आवर्तन सुरू होईपर्यंत थांबवल्या जातात. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात.

फसगत होते ती इथेच. एका कोअरइतका, म्हणजे १०० मिलिसेकंदांचा कोटा असलेल्या प्रोग्रामचे चार थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) चार कोअरवर एकदम धावले, तर कोटा २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळेच ठप्प. असे अधूनमधूनच घडत असेल, तर आलेखावर सरासरी वापर कमी दिसतो, वापरणारे मात्र संथपणाची तक्रार करत राहतात. अशा वेळी सरासरी बघून काही हाती लागत नाही, 'सीपीयू.स्टॅट' या फाइलमधले थ्रॉटल झालेल्या आवर्तनांचे आकडे पाहावेत. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीतली सीपीयू लिमिट लिनक्सवर याच कोट्यात उतरते. त्यामुळे झटपट उत्तर द्यावे लागणाऱ्या सेवांना ती लिमिट न लावता वजनावरच भागवावे, असे अनेक जाणकार सांगतात. मशीन आपलेच असेल तर हा सल्ला रास्तच आहे.

काही दोष खुद्द कर्नलचाही होता. कोटा प्रत्येक कोअरला ५ मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी वाटला जाई आणि न वापरलेला तुकडा मुदत संपताच बाद होई. परिणामी, भरपूर कोअर असलेल्या मशीनवर कोटा पूर्ण वापरण्याआधीच गट थ्रॉटल होत. २०१९ च्या ५.४ आवृत्तीत ही मुदत काढून टाकण्यात आली. २०२१ च्या ५.१४ पासून उरलेला कोटा ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे साठवता येतो, पण ती सोय मुद्दाम चालू करावी लागते.