देव की ‘जो’? दोन रेघांचा पाठभेद

बायबलच्या नव्या करारातल्या एकाही पुस्तकाची लेखकाच्या हातची प्रत आज उरलेली नाही. उरल्यात त्या नकला आणि नकलांच्या नकला. ग्रीक हस्तलिखितंच पाच हजारांवर आहेत आणि त्यांच्यात पाठभेद, म्हणजे शब्दांतले फरक, हजारोंनी. या पसाऱ्यातून मूळ शब्दापर्यंत पोचायची जी रीत आहे, तिला पाठचिकित्सा म्हणतात.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं एक वचन घ्या (३:१६). काही प्रती म्हणतात, ‘देव देहात प्रकट झाला’. काही म्हणतात, ‘जो देहात प्रकट झाला’. अर्थात केवढा फरक! चर्मपत्रावर मात्र तो फक्त दोन रेघांचा. लेखनिक ‘देव’ हा शब्द पूर्ण लिहीत नसत. थीटा आणि सिग्मा एवढी दोनच ग्रीक अक्षरं काढून वर आडवी रेघ देत. ‘जो’साठी ओमिक्रॉन आणि सिग्मा. ओमिक्रॉन म्हणजे नुसतं वर्तुळ. त्याच्या पोटात आडवी रेघ मारली की झाला थीटा.

लंडनमधल्या पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनस प्रतीत अशी रेघ दिसत होती. अठराव्या शतकात स्विस अभ्यासक योहान वेटस्टाइन यांनी ते पान बारकाईने तपासलं. त्यांच्या मते ती रेघ त्या अक्षराची नव्हतीच. पानाच्या मागच्या बाजूच्या अक्षराची रेघ चर्मपत्रातून उमटून दिसत होती. पुढे १७३० मध्ये बाझलमधल्या त्यांच्या धर्मोपदेशकपदावर गदा आली, त्यामागे त्यांच्या या अभ्यासाविषयीचा रोषही होता. चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस प्रतीतही मूळ हात ‘जो’च लिहितो; ‘देव’ होण्यासाठी लागणारी अक्षरं नंतर कुणीतरी वर घातली आहेत.

संख्येने पाहिलं तर ‘देव’ लिहिणाऱ्या प्रती कितीतरी जास्त, पण बहुतेक उशिराच्या. एकाच चुकीच्या शंभर नकला झाल्या म्हणून शंभर साक्षीदार होत नाहीत. खरा प्रश्न असा, की कोणत्या पाठापासून दुसरा पाठ निघू शकतो? ‘जो’ म्हणजे कोण हे वाक्यात सांगितलेलं नाही; असा अडखळायला लावणारा ‘जो’ पाहून लेखनिक त्याचा ‘देव’ करील. समोर स्वच्छ ‘देव’ असताना त्याचा ‘जो’ कशाला करील? म्हणून अवघड पाठाला मान. बर्लिनमध्ये शिकलेल्या वि. स. सुकथनकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताचं संपादन करताना हाच निकष वापरला.

पण या निकषालाही मर्यादा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (१:४१) कुष्ठरोग्याला बरं करणारा येशू बहुतेक प्रतींत ‘कळवळून’ हात पुढे करतो. केंब्रिजच्या बेझा प्रतीत मात्र ‘रागावून’. येशूचा राग लेखनिकाने पुसला असेल हे मला पटतं. पण त्या बाजूला एकच ग्रीक प्रत आणि काही जुनी लॅटिन भाषांतरं. एवढ्या तुटपुंज्या साक्षीवर छापील आवृत्तीतला शब्द बदलावा का, यावर अभ्यासक अजूनही भांडतात.