टर्नटेबलमधील हमिंग व अर्थिंगदोष

टर्नटेबलच्या संचातून सुई तबकडीवर टेकलेली नसतानाही खालच्या पट्टीत सलग ऐकू येणारा ‘घूं’ असा आवाज म्हणजे हमिंग होय. त्याचे मूळ घरगुती वीजपुरवठ्यात असते. त्याची वारंवारता जगात बहुतेक ठिकाणी ५० हर्ट्झ, तर उत्तर अमेरिकेत ६० हर्ट्झ असते, आणि तिच्या पटीतील स्वरही त्यात मिसळलेले असतात.

संचातील इतर साधनांपेक्षा टर्नटेबलला हा दोष अधिक जाचतो. सुईच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. मूव्हिंग मॅग्नेट (हलते चुंबक) प्रकारच्या कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्टचा संकेत निघतो आणि मूव्हिंग कॉइल (हलती गुंडाळी) प्रकारात तो बहुधा त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. फोनो प्रीअँप्लिफायर, म्हणजे अँप्लिफायरच्या आधी जोडलेले साधन, हा संकेत शंभरपट किंवा त्याहून अधिक वाढवतो. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या वेळी दबवलेले खालचे स्वर तो १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्रानुसार (तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाचे ठरलेले प्रमाण) पुन्हा उचलतो, त्यामुळे ५० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट अधिक वाढतो. वायरीत शिरलेला नगण्य उपद्रवही म्हणूनच स्पीकरमधून ठळकपणे उमटतो.

टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) व सांगाड्याचा धातू अर्थला (जमिनीशी जोडलेल्या वायरीला) जोडलेला नसेल, तर तो अँटेनासारखा वागतो. यासाठी टर्नटेबलमधून एक बारीक स्वतंत्र वायर निघते आणि ती प्रीअँप्लिफायरच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) स्क्रूला घट्ट कसायची असते. टोनआर्मला बोट लावताच आवाज कमी होत असेल, तर ही वायर सुटलेली आहे किंवा आतून तुटलेली आहे, असे बहुधा समजावे. काही टर्नटेबलांत मात्र हे काम डाव्या चॅनेलच्या केबलचे आवरणच करते, त्यामुळे वेगळी वायर न दिसणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो.

याच्या उलट अडचण अर्थला जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक असल्यास उद्भवते. अँप्लिफायर आणि त्याला जोडलेले दुसरे उपकरण आपापल्या प्लगमधून अर्थ होत असतील, किंवा टीव्हीची अँटेना केबल संचाला जोडलेली असेल, तर वायरींचे वेटोळे तयार होते आणि त्यातून वाहणारा प्रवाह हमिंग होऊन ऐकू येतो. इतर उपकरणे एकेक करून सोडवत गेल्यास जबाबदार जोडणी सहसा सापडते. काही कार्ट्रिजांचे धातूचे कवच एका चॅनेलच्या ऋण पिनेला बारीक पट्टीने जोडलेले असते; टोनआर्मही अर्थ असेल, तर वेटोळे तिथेच पूर्ण होते.

आवाज एकाच स्पीकरमधून येत असल्यास प्रीअँप्लिफायरजवळ डावा-उजवा प्लग अदलून पाहावा. दोष दुसऱ्या स्पीकरकडे सरकला, तर तो केबल, हेडशेलच्या (टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवायच्या भागाच्या) पिना किंवा कार्ट्रिज यांत आहे आणि जागीच राहिला, तर पुढच्या साधनांत आहे. पिनांवर चढलेला काळेपणा हे फार साधे, पण हमखास राहून जाणारे कारण आहे. टोनआर्म आतल्या बाजूला नेताना आवाज वाढत असेल, तर मोटर किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजपर्यंत पोहोचत असते. त्यावर अर्थिंगने काही होत नाही. अंतर वाढवावे लागते किंवा चांगले कवच असलेले कार्ट्रिज बसवावे लागते.

तपासणी वीज बंद करून, मल्टिमीटरने टोनआर्मपासून अर्थ वायरच्या टोकापर्यंत सलगता पाहून करावी, मात्र कार्ट्रिजच्या गुंडाळ्यांवर मीटर लावू नये, कारण त्या नाजूक असतात. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा प्रघात जीवघेणा आहे, कारण उपकरणात बिघाड झाल्यास धातूचे आवरण विद्युतभारित होऊ शकते.