संशोधनासाठी स्वयंसेवकांची ऑनलाइन भरती

विद्यापीठीय किंवा वैद्यकीय संशोधनात भाग घेण्यास राजी असलेल्या व्यक्ती इंटरनेटवरील आवाहनातून मिळविण्याची पद्धत. आवाहन ई-मेल, समाजमाध्यमे, व्हॉट्सॲप ग्रुप किंवा खास संकेतस्थळे यांवरून केले जाते. सातारा व सांगली जिल्ह्यांत ती मुख्यतः शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) कक्षेतील पीएच.डी. व पदव्युत्तर प्रबंधांच्या, तसेच मिरज, सांगली आणि कऱ्हाड येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील अभ्यासांच्या निमित्ताने रूढ झाली. पक्षीनोंदीसारख्या नागरी विज्ञानाच्या उपक्रमांत स्वयंसेवक माहिती गोळा करतो. येथे मात्र तोच अभ्यासाचा विषय असतो. त्यामुळे त्या उपक्रमांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो १९८० च्या दशकापर्यंत मागे नेतात. सारा कीसलर व ली स्प्राउल यांनी १९८६ मध्ये कागदी आणि संगणकीय प्रश्नावलींना मिळालेल्या उत्तरांची तुलना प्रसिद्ध केली, तिचा दाखला यासाठी दिला जातो. तथापि त्या काळच्या अशा अभ्यासांत उत्तरे कोणाकडून घ्यायची हे बहुधा आधीच ठरलेले असे. संगणकाने प्रश्न पोहोचविले, माणसे मिळवून दिली नाहीत. दुसरा पक्ष वेबपासून आरंभ धरतो. भरून पाठविता येणारा फॉर्म वेबपाने रचण्याच्या एचटीएमएल २.० या नोव्हेंबर १९९५ च्या प्रमाणकात समाविष्ट झाला. त्याच वर्षी उल्फ-डीट्रिख राइप्स यांनी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात मानसशास्त्रीय प्रयोगांसाठी वेबवरील प्रयोगशाळा उघडली. अमेरिकेतील हॅनोव्हर महाविद्यालयाचे जॉन क्रान्झ हे वेबवर चालू असलेल्या मानसशास्त्रीय अभ्यासांची यादी ठेवू लागले, तेही १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. संशोधकाला सर्वस्वी अनोळखी असलेल्या माणसाने अशी यादी चाळावी आणि आपणहून एखादा अभ्यास निवडावा, ही गोष्ट ठळकपणे दिसते ती येथे. भरतीचे मर्म तेच असल्याने दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

तिसऱ्या मतानुसार हा वर्तमानपत्री जाहिरातीचाच विस्तार होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन येथील वृत्तपत्रात स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत अशी जाहिरात दिली; ४ डॉलर मोबदला व ५० सेंट वाहनभाडे देऊ केले. प्रत्यक्षात तपासायचे होते ते आज्ञापालन. उगमाच्या वादात या उदाहरणाचे वजन कमी असले, तरी आवाहनात काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे, हे त्यावरून ध्यानी येते. मोबदला देऊन सहभागी मिळवून देणारी व्यापारी व्यासपीठे पुढे आली. ॲमेझॉनचे मेकॅनिकल टर्क नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाले व त्यावर अमेरिकेपाठोपाठ भारतीयांचा भरणा राहिला. केवळ संशोधनासाठी असलेले प्रोलिफिक २०१४ मध्ये ऑक्सफर्ड येथे निघाले.

सातारा-सांगलीत ही पद्धत स्वस्त फोर-जी सेवेनंतर, म्हणजे २०१६ नंतरच्या काही वर्षांत फैलावली असावी. मार्च २०२० मध्ये इस्लामपूर (ता. वाळवा) येथे कोविड-१९ चे रुग्ण सापडले, पाठोपाठ देशभर टाळेबंदी झाली आणि घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून घेणे अशक्य झाले. गूगल फॉर्मची लिंक हाच तेव्हा बहुतेकांपुढे मार्ग उरला व तो पुढेही टिकला.

नमुन्याचा प्रश्न : आपणहून पुढे येणारी माणसे न येणाऱ्यांहून वेगळी असतात. रॉबर्ट रोझेन्थाल व राल्फ रॉसनाउ यांच्या १९७५ च्या विवेचनानुसार ती सरासरीने अधिक शिकलेली आणि समाजमान्यतेची अधिक गरज असलेली असतात. उत्तरांची संख्या वाढविल्याने हा दोष जात नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठविल्या, सुमारे २४ लाख परत आल्या आणि तरी अंदाज साफ चुकला. अलीकडे फेसबुकवरून घेतलेल्या एका अमेरिकी पाहणीत दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत होते. मे २०२१ मध्ये तिने लसीकरणाचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के बिंदूंनी जास्त दाखविले. हे माहीत असूनही आपल्याकडील प्रबंधांत ‘एकूण प्रतिसाद’ हा एकच आकडा अभिमानाने छापला जातो. लिंक किती जणांनी पाहिली व किती जणांनी अर्धवट सोडली, हे लिहिलेले क्वचितच आढळते. गुंथर आयझेनबाख यांनी २००४ मध्ये वेब-पाहण्यांसाठी सुचविलेल्या तपासणी-सूचीत नेमक्या याच नोंदींचा आग्रह आहे. लिंक कोणत्या ग्रुपवर, कोणाच्या हातून आणि कोणत्या दिवशी गेली याची साधी वही ठेवली, तरी या जिल्ह्यांतील अभ्यासांची किंमत पुष्कळ वाढेल.

एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवायचे या साखळी पद्धतीस नमुनाशास्त्रात जुना आधार आहे. लिओ गुडमन यांनी १९६१ मध्ये तिची गणिती मांडणी केली. डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये कोणी कोणाला आणले याची नोंद ठेवणारी सुधारित पद्धत मांडली; ओळखीच्या जाळ्याच्या आकारानुसार उत्तरांना भार देणे तीत पुढे आले. ‘कृपया फॉर्म भरा व पुढे पाठवा’ एवढ्यावर भागविणारे अभ्यास पहिल्या पद्धतीचे नाव घेतात, पण कोण कोणामार्फत आले हे त्यांच्यात नोंदलेले नसते. अशा नमुन्यास सोयीस्कर नमुना (हाताशी आले त्यांचा) म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे.

ऑनलाइन भरती येथे खरोखर उपयोगी पडते ती विखुरलेल्या समूहांसाठी. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पांगलेले आहेत. जावळी व पाटण भागातील माथाडी कामगार मुंबई-नवी मुंबईत आहेत. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांतील जवान सीमेवर. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही मंडळी एकत्र असतात. त्यांच्या स्थलांतराचा, आरोग्याचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास घरोघरी फिरून होणे कठीण होते. उलट कोयना जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातील वस्त्या, ऊसतोडणीच्या टोळ्या आणि घरात एकच मोबाइल असलेली कुटुंबे लिंकच्या आवाक्याबाहेर राहतात. फोन मुलाच्या हाती असेल, तर आईच्या नावावर भरलेला फॉर्म मुलाचाच असण्याची शक्यता धरून चालावे.

संमती व नियमन : संशोधनातील सहभाग स्वेच्छेचाच हवा, हे तत्त्व न्यूरेंबर्ग संहिता (१९४७) व हेलसिंकी जाहीरनामा (१९६४) यांतून प्रस्थापित झाले. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जैववैद्यकीय व आरोग्यविषयक अभ्यासांस लागू आहेत. त्यांनुसार भरतीच्या जाहिरातीचा मजकूरही नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. समितीत ७ ते १५ सदस्य असून त्यांत विधिज्ञ व सामान्य नागरिकही असतात. बुडालेली मजुरी व प्रवासखर्च भरून देता येतो, पण आमिष ठरेल एवढी रक्कम चालत नाही. औषधचाचण्यांची नोंद पहिला सहभागी दाखल होण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे आहे. ही नोंदवही सर्वांना पाहता येते, त्यामुळे आवाहन खरे आहे की नाही हे स्वयंसेवकाला स्वतः पडताळता येते. वाणिज्य, शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्रातील प्रबंधांची छाननी इतकी काटेकोर नसते.

महाविद्यालयीन ग्रुपवरील भरतीत स्वेच्छेला धक्का लागतो तो न कळत. मार्गदर्शक प्राध्यापक लिंक टाकतात, आणि खाली ‘सर, भरला’, ‘मॅडम, झालं’ असे निरोप येऊ लागतात. कोणी भरला नाही हे त्यामुळे सर्वांना दिसते. शिकविणाऱ्या व्यक्तीने लिंक स्वतः न टाकणे आणि फॉर्म भरल्याचे ग्रुपवर कळवू नये अशी स्पष्ट सूचना वर लिहिणे, हे दोन उपाय सोपे आहेत व ते पाळले जावेत. अकरावी-बारावीचे विद्यार्थी बहुतेक १८ वर्षांखालील असतात. त्यांच्या बाबतीत पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असे दोन्ही लागते. फॉर्मच्या तळाशी ‘मी राजी आहे’ असा एक चौकोन ठेवल्याने ही अट पुरी होत नाही.

अनामिकता व पुनरुक्ती यांतील ताण तांत्रिक आहे. एकाच व्यक्तीने दोनदा उत्तर देऊ नये म्हणून गूगल फॉर्ममध्ये प्रत्येकी एकच उत्तर ही मर्यादा घातली, की गूगल खात्यात साइन-इन करावे लागते आणि स्वयंसेवकाला स्वतःचा ई-मेल पत्ता फॉर्मवर दिसतो. तो संशोधकाकडे जात नसला, तरी ‘आपली ओळख गुप्त राहील’ या ओळीवरचा त्याचा विश्वास तेथेच डळमळतो. व्यसन, मासिक पाळी, कर्ज अशा विषयांवर मर्यादा काढून थोडी पुनरुक्ती पत्करणे श्रेयस्कर. लिंकद्वारे होणाऱ्या फसवणुकीमुळे लोक सावध झाले आहेत. आवाहनात संस्थेचे नाव, समितीच्या मंजुरीचा क्रमांक, किती मिनिटे लागतील हे आणि ओटीपी, आधार वा बँक खाते विचारले जाणार नाही हे लिहिलेले असावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे, मात्र त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार नसेल आणि विहित मानके पाळली जात असतील तरच.

भाषा : इंग्रजी प्रश्नावलीचे यंत्राने केलेले मराठी भाषांतर तसेच वापरण्याची प्रवृत्ती वाढत आहे. ‘तुम्ही किती समाधानी आहात’ या प्रश्नाला पाच पायऱ्यांचे पर्याय दिले, की ‘बऱ्यापैकी’ आणि ‘ठीक’ यांत वरचे कोणते, यावर माणचा शेतकरी व साताऱ्यातला कारकून यांचे एकमत होईलच असे नाही. म्हणून फॉर्म खुला करण्यापूर्वी तो स्थानिक व्यक्तींकडून मोठ्याने वाचून घेतात. जत तालुक्याच्या पूर्व भागात घरची भाषा कानडी असल्याने तेथे कानडी फॉर्म स्वतंत्रपणे द्यावा लागतो. वाचणे जड जाणाऱ्यांसाठी प्रश्न ध्वनिमुद्रित करून पाठविता येतात व उत्तरही आवाजात घेता येते. अशा वेळी आवाज ही ओळखीची खूण असल्याने त्या फाइली, त्यांतील उत्तरे लिहून घेतल्यावर, पुसून टाकाव्यात.